साठीनंतरची गाडी: टर्बो घ्यावी की साधं इंजिन?

कराडहून

नमस्कार. वय ६७. तेरा वर्षं चालवलेली हॅचबॅक काढायची आहे. गुडघ्यांमुळे वाकून आत बसणं जमेनासं झालंय, म्हणून चार मीटरच्या आतली उंच गाडी बघतोय. रोज बाजार, बँक, देऊळ मिळून सहा-सात किलोमीटर. महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणजवळ गावी. ऑटोमॅटिकच हवी.

मुलगा म्हणतो टर्बो घ्या, म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा भरणारी. माझं मत उलट आहे. साध्या इंजिनाला जेवढा पाय दाबाल तेवढंच ते पळतं. टर्बो आधी गप्प असतं आणि मग उसळतं. परवा ट्रायलला चौकातून वळताना ॲक्सिलरेटर दाबला, गाडी हलेना. म्हणून आणखी दाबला, तर थेट पुढच्या रिक्षाच्या मागे. ब्रेक लागला म्हणून निभावलं. माझा पाय आता पंचविशीतला नाही. या वयात टर्बो नको, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. पटत नसेल तर सांगा.

चिपळूणची

नाही पटत, काका. मी ६४ वर्षांची, याच घाटातून स्वतः चालवते.

चढावर पुढे भरलेला ट्रक असतो. सरळ रस्ता दिसला की तेवढ्यातच त्याला मागे टाकायचं. व्हेन्यू गाडीचंच घ्या. साधं १.२ लिटरचं इंजिन ८३ पीएस ताकदीचं, त्याचा ११४ एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मिळतो ४००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. एक लिटरचं टर्बो १२० पीएस आणि १७२ एनएम, तेही १५०० पासून. म्हणजे साध्या इंजिनाला ओरडायला लावावं लागतं आणि तोवर आपण समोरून येणाऱ्याच्या बाजूला असतो. पाय मंदावलाय, हे तुम्हीच लिहिलंय. मग उलट्या बाजूला कमीत कमी वेळ राहायला नको का? महाबळेश्वरला, १३५० मीटरवर, हवाच विरळ. तिथे साधं इंजिन आणखी दमतं, टर्बो ती कसर बरीचशी भरून काढतं.

गॅरेजवाला

ताई, घाट महिन्यातून एकदा. रोजचे सहा किलोमीटर कोण मोजणार?

तेवढ्यात इंजिन ऑइल नीट गरमच होत नाही. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सुटतं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरून ते पातळ होतं. आणि टर्बोचा शाफ्ट त्याच ऑइलच्या आधारावर फिरतो, जोर लावला की मिनिटाला लाखावर फेरे. लांब पळणाऱ्या गाडीचं टर्बो टिकतं. बाजारापुरत्या गाडीत ते उगाच झिजतं, आणि बदलायची वेळ आली तर पेन्शनरला तो खर्च झेपत नाही. साधं इंजिन हयगय सोसून घेतं. मी काकांच्या बाजूने.

चिपळूणची

दादा, त्यासाठी किलोमीटरची वाट न बघता दरवर्षी ऑइल बदलायचं, चांगल्या प्रतीचं. घाट चढून आलं की मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करायचं. माझी आजवर काही तक्रार नाही.

लेक, पुण्याहून

दोघांचं वाचलं. माझ्या बाबांसाठी (वय ७१) गेल्या वर्षी हीच शोधाशोध केली. तुम्ही इंजिनावर भांडताय, पण म्हाताऱ्या माणसाच्या पायाला आधी जाणवतो तो गिअरबॉक्स.

बाबांना आधी साध्या इंजिनाची एएमटी घेतली, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं. सोसायटीच्या बेसमेंटचा चढ चढताना ती गिअर बदलायला क्षणभर थांबायची, ते घाबरून जास्त दाबायचे आणि गाडी झेपावायची. काकांनी लिहिलंय अगदी तेच, आणि गाडीत टर्बो नव्हतं! सहा महिन्यांत विकली.

शिवाय निवड आपल्या हातात फारशी नाही. व्हेन्यू आणि सोनेटच्या साध्या १.२ ला ऑटोमॅटिक मिळतच नाही. फ्रॉन्क्समध्ये साध्या इंजिनाला एएमटी, आणि टर्बोला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून पुढे देणारा ऑटोमॅटिक, जो हळू चालताना सगळ्यात मऊ. नेक्सॉनचं पेट्रोल टर्बोच. साधं इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर दोन्ही हवं तर ब्रेझा, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आणि हिला ४०. हा फरक ज्येष्ठांच्या खिशाला लागतो आणि मला तो अन्यायाचा वाटतो. शांत इंजिन मागणाऱ्या माणसाने जास्त कर का भरावा?

गॅरेजवाला

एएमटीचं खरं आहे. पण मग ब्रेझाच घ्या म्हणेन. पैसे एकदाच जातात.

चिपळूणची

आणि घाटात? ब्रेझाचा टॉर्क १३७ एनएम, गाडी मोठी. चौघं आणि सामान घेऊन चढवून दाखवा.

कराडहून

लेकीचं वाचून मुलाला फोन करून विचारलं. ट्रायलची गाडी डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची होती. म्हणजे तो उशीर टर्बोचा की गिअरबॉक्सचा, हे मला सांगता येणार नाही. एवढ्यावरून टर्बोला नाव ठेवलं ते घाईचं झालं. पण उसळी होती ती होतीच, आणि गॅरेजवाल्यांचा ऑइलचा मुद्दा मनात बसलाय.

मागच्याच महिन्यात लायसन्स पाच वर्षांसाठी नवं करून मिळालं. ही बहुधा शेवटची गाडी, म्हणून चुकायचं नाहीये. सोमवारी ब्रेझा आणि फ्रॉन्क्स टर्बो, दोन्हींची ट्रायल पाटण रस्त्याला मागितली आहे. सौ. सोबत असतील.

लेक, पुण्याहून

काका, हायवेवरच्या पिकअपवर जाऊ नका. आधी घराच्या फाटकातून चढावर, रिव्हर्समध्ये, अगदी मुंगीच्या पावलाने चालवून बघा. एसी चालू ठेवून. आणि रोज घालता त्याच चपला घालून.