मदत हवी आहे : बंगळुरूचा प्रोजेक्ट घेऊ की इथेच पीएचडीला थांबू? उद्यापर्यंत कळवायचंय

माणदेशी_पवन्या
नमस्कार मंडळी. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं आहे म्हणून थेट विचारते. बंगळुरूच्या एका संस्थेत प्रोजेक्टवर निवड झाली आहे, काम बेडकांवर. इथे मी कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते आणि माण-खटावच्या माळांवर गवताचं काम चालू आहे. सरांकडे पीएचडीला नाव घालायचं ठरलं होतं, आता ते होणार नाही म्हणतात. जाऊ की थांबू? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.

कृष्णाकाठ
ताई, एमएस्सी कशात? नेट-सेट (प्राध्यापकीची देशाची किंवा राज्याची परीक्षा) झालंय का? सर नाही का म्हणाले? प्रोजेक्ट किती वर्षांचा? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सडा_सातारा
सगळं सोडा, आधी सेट काढा. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट पुरते, पीएचडीची सक्ती नाही. मी सेटवरच लागलो. बेडकांच्या मागे जाऊन वर्ष घालवू नका.

कृष्णाकाठ
@सडा_सातारा तुम्ही लागलात तेव्हा जागा निघाल्या होत्या. आज सांगली-साताऱ्यात सेट होऊन तासिकांवर राबणारी किती पोरं आहेत ते कुठल्याही स्टाफरूममध्ये जाऊन बघा. आणि सेटला फेलोशिप नाही, ती महाराष्ट्र-गोव्याबाहेर चालतही नाही. नेटमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) असेल तर महिना 37,000. संशोधन करायचं तर फरक तिथे पडतो.

माणदेशी_पवन्या
एमएस्सी पर्यावरणशास्त्र. सेट झालंय, नेट नाही. सरांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलीत.

कृष्णाकाठ
हे आधी सांगायचं ना ताई! मग सर काही टाळत नाहीत. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षं उरली नसतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. त्यांच्यावर राग धरू नका.

मिरजकर
एमपीएससीची वनसेवा दिलीत का? माझा भाचा देतोय. वनक्षेत्रपाल झालात तर तेच रान तुमच्या ताब्यात. नोकरीही पक्की.

माणदेशी_पवन्या
दादा, मला शिकवायचं आणि संशोधन करायचं आहे. परीक्षेचं विचारलं नव्हतं.

फुलवेडा
धागा साताऱ्याचा दिसला म्हणून विचारतो, कासला फुलं बघायला ऑगस्टअखेर यावं की सप्टेंबरात? टोपली कारवी यंदा आहे का?

सडा_सातारा
@फुलवेडा सप्टेंबर. पावसावर आहे सगळं. कारवीसाठी वेगळा धागा काढा.
ताई, माळावर काम करताय तर परवानगी आहे ना? नाहीतर सगळा डेटा पाण्यात. नागपूरहून मुख्य वन्यजीव रक्षकांचं पत्र लागतं.

गायरान_वाचवा
सरसकट असं सांगू नका, पोरं घाबरतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं ते कलम 28, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात शिरण्यासाठीचं. कोयना-चांदोलीत काम असेल तर लागेल. माळ वनखात्याचा पण अभयारण्याबाहेरचा असेल तर उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात विचारा. गायरान असेल तर ग्रामपंचायत. ताई, तुमचा माळ कुणाचा?

माणदेशी_पवन्या
काही गायरान, काही वनखात्याचा. वनखात्याचं पत्र आहे. चराईबंद तुकडे आणि मेंढ्या चरतात ते तुकडे, दोन्हीकडे खुणा केलेल्या त्याच चौकोनांतलं गवत दरवर्षी पावसाळ्यानंतर मोजते. पवन्या, मारवेल, कुसळी किती टिकतं ते बघायचंय. एका तुकड्यावर गेल्या वर्षी चर खणून गिरिपुष्प लावलं.

मिरजकर
मग चांगलंच झालं की. दुष्काळी भाग, झाडं वाढतील, पाणी मुरेल.

माणदेशी_पवन्या
नाही हो दादा. तो माळ ओसाड नव्हता. पाऊसच कमी तिथे, गवत हेच तिथलं रान. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, लांडगा-खोकड माळावर जगतात, धनगरांची मेंढरं त्याच गवतावर. कागदावर पडीक लिहिलं की कुणीही येऊन खड्डे मारतं. मी वर्गात पोरांना हेच शिकवते. म्हणून तर हे काम सोडवत नाही, एक वर्ष मोजणी चुकली तर ती परत मिळणार नाही.

गायरान_वाचवा
अगदी मनातलं बोललात. मेंढपाळांना बरोबर घ्या. कुठल्या साली कुठे किती गवत होतं ते त्यांना तोंडपाठ असतं.

विलिंग्डनचा_जुना
उशिरा वाचलं. मी सांगलीचाच, बंगळुरूला प्रोजेक्टवर राहून मग पीएचडीला लागलो. ताई, तुमच्या प्रश्नाला तिसरी वाट आहे. बेडकांचा विषय आवडतो की नाही याला फार महत्त्व देऊ नका. तिथे आकडेवारी, त्यासाठीची आर ही संगणकभाषा आणि पेपर लिहिणं शिकायला मिळतं, ते तासिकांच्या धबडग्यात होत नाही. पण होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या : मुदत किती, पावसाळ्यानंतर माळाच्या मोजणीपुरती रजा मिळेल का, आणि माळाचा डेटा तुमचाच राहील ना. चांगला शास्त्रज्ञ याला नाही म्हणत नाही. म्हणालाच तर तिथे जाऊ नका.
आणि नेट द्याच. जून 2024 पासून त्याच गुणांवर पीएचडी प्रवेशाचाही विचार होतो. गेट या प्रवेशपरीक्षेत परिसंस्थाशास्त्र आणि उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपर आहे, तोही बघा.

सडा_सातारा
एकदा गेलेलं माणूस परत येत नाही. जिल्ह्यात पर्यावरण शिकवायला माणसं नाहीत. पदवीला तो पेपर सक्तीचा, आणि शिकवतो कोण? ज्याच्याकडे तास कमी पडतात तो.

विलिंग्डनचा_जुना
तुमचं दुखणं खरं आहे. पण त्यासाठी या ताईंनी तासिकांवर अडकून पडावं का? पीएचडी घेऊन आल्या तर जास्त ठामपणे शिकवतील.

माणदेशी_पवन्या
मुदत वर्षाची, वाढू शकते एवढंच तोंडी सांगितलंय. रजेचं विचारलंच नव्हतं. आत्ता मेल लिहायला बसते. सर म्हणतात, तू नसशील तर चौकोनांच्या खुणा मी आणि दोन विद्यार्थी सांभाळू. त्या मुलांना मोजणी शिकवून जावं का?

गायरान_वाचवा
नक्की. मीही येतो, दहिवडीजवळ राहतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कृष्णाकाठ
आणि मेलमध्ये सोमवारपर्यंत मुदत मागून घ्या. शिवाजी विद्यापीठात गवतावर काम करणारे दुसरे मार्गदर्शक आणि त्यांच्याकडच्या जागा बघा. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ विद्यार्थी चालतात. ते बॉटनीचे असले तर पर्यावरणशास्त्राची एमएस्सी प्रवेशाला धरतात का तेही आधी विचारा, तिथेच बऱ्याच जणांचं घोडं अडतं.