फाउल टिप मास्कला लागून सहा आठवडे झाले, कॅचरला परत प्लेटमागे कधी बसवायचं?

डगआउट_वडोदरा

कॉलेजच्या बेसबॉल संघातला कॅचर (बॅटरच्या मागे, प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा), वय २०. सराव सामन्यात फाउल टिप, म्हणजे बॅटला चाटून मागे आलेला चेंडू, मास्कच्या डाव्या बाजूला बसली. शुद्ध हरपली नाही, पण पुढचे दोन डाव स्वतःच दिलेल्या खुणा विसरत होता. सीटी स्कॅन नॉर्मल. डॉक्टरांनी कन्कशन (डोक्याला झटका बसून मेंदूला झालेली इजा) सांगितलं. आता वाचताना, बसल्याजागी डोकं दुखत नाही. सकाळी कमाटी बागेत आरामात धावतो. पण पॉप-अपचा (सरळ वर उडालेला चेंडू झेलण्याचा) सराव घेतला, म्हणजे मास्क फेकून वर बघत गर्रकन वळला, की मळमळतं आणि पाय लटपटतात. रात्री समोरून गाड्यांचे दिवे आले की स्कूटर बाजूला घेतो.

निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. घरचे म्हणतात, स्कॅन चांगला आहे मग कशाला थांबवता? अमेरिकेतल्या प्रो लीगमध्येही कन्कशन झालेल्यांना बाहेर ठेवायची यादी सातच दिवसांची असते म्हणे. त्यांना नेमकी तारीख काय सांगू?

नजर_आणि_तोल (क्रीडा फिजिओ)

आधी स्कॅनचं. सीटी बघतो रक्तस्राव आणि हाडाचं फ्रॅक्चर. कन्कशन त्यात दिसत नाही. त्यामुळे 'नॉर्मल'चा अर्थ शस्त्रक्रियेची गरज नाही, एवढाच.

तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याचं दुखणं आता डोकेदुखीचं नाही, डोळे आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेचं आहे. सरळ धावताना नजर समोर असते, म्हणून बागेत काही होत नाही. पॉप-अपला मान मागे, डोळे वर, शरीर वळतंय आणि चेंडू फिरतोय, सगळं एकदम. हे नुसत्या विश्रांतीने जात नाही. पहिले २४ ते ४८ तास सोडले तर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला आता कुणी देत नाही.

खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला किमान २४ तास:

१. रोजची हलकी कामं.
२. एरोबिक व्यायाम. आधी कमाल नाडीच्या ५५ टक्क्यांपर्यंत, मग ७०. वय २० म्हणजे कमाल साधारण २००, तेव्हा ११० आणि मग १४०. सुरुवातीला स्थिर सायकल बरी, डोकं हिंदकळत नाही.
३. एकट्याचा, खेळाशी संबंधित सराव. डोक्याला मार बसेल असं काहीही नाही.
४. संघासोबत सराव, पण मार बसण्याचा धोका नसलेला.
५. पूर्ण सराव.
६. सामना.

चौथीच्या आधी डॉक्टरांची लेखी परवानगी हवीच. तुमचा खेळाडू तिसरीवर अडकलाय. व्यायामाने त्रास ० ते १० च्या मापावर दोनपेक्षा जास्त न वाढता तासाभरात खाली आला तर चालतं. त्याहून जास्त वाढला तर त्या दिवशी थांबायचं.

आता करायचं काय? पेन हातभर अंतरावरून नाकाकडे आणायला सांगा. पाच-सहा सेंटीमीटरच्या अलीकडे यायच्या आतच दोन दिसायला लागलं, तर नजर जुळवण्यात गडबड आहे. दुसरं, भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक अक्षर चिकटवा. त्यावर नजर खिळवून डोकं 'नाही नाही' म्हणतात तसं हलवायचं, मग 'हो हो' तसं. अक्षर पुसट व्हायला लागलं की वेग जास्त झालाय. ३० सेकंदांपासून सुरुवात, दिवसातून तीनदा. जमलं की उभं राहून, मग चालताना. पण हे व्हेस्टिब्युलर, म्हणजे तोलाच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या फिजिओकडून एकदा बसवून घ्या. मानही तपासायला सांगा. झटका मानेलाही बसलेला असतो, आणि मानेतून येणारी चक्कर वेगळ्या उपचाराने जाते.

चार आठवड्यांच्या पुढे त्रास राहिला की तो 'लांबलेला' धरतात. सहा आठवडे झालेत, म्हणजे डॉक्टरांना पुन्हा दाखवायलाच हवं. आणि रात्रीची स्कूटर आजपासून बंद. निवड चाचणीपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते.

नववी_इनिंग

सात दिवसांच्या यादीचा अर्थ घरच्यांना नीट सांगा. अमेरिकेतल्या त्या प्रो लीगने, म्हणजे मेजर लीगने, ती २०११ मध्ये आणली. त्याआधी किमान मुदत १५ दिवसांची होती, त्यामुळे संघ खेळाडूला यादीत टाकायचंच टाळायचे. सात दिवस ही कमीत कमी मुदत आहे, बरं होण्याची हमी नाही.

मेजर लीगमधल्या जस्टिन मॉर्नोला ७ जुलै २०१० ला दुसऱ्या बेसवर स्लाइड करताना क्षेत्ररक्षकाचा गुडघा डोक्याला लागला. तेव्हा त्याची बॅटिंग सरासरी .३४५ होती. त्या मोसमात तो परत खेळलाच नाही. आणि हाच माणूस २०१४ मध्ये नॅशनल लीगचा बॅटिंग चॅम्पियन झाला. उलट कॉरी कॉस्की २००६ मध्ये उंच झेलामागे धावताना पडला आणि पुन्हा मेजर लीगमध्ये दिसला नाही. सुरुवातीला दोघांपैकी कुणालाच तारीख सांगता आली नसती.

कॅचरचं गणित तर आणखी वेगळं. कॅचर माइक मथेनी फाउल टिपांच्या माऱ्यामुळेच २००७ मध्ये निवृत्त झाला. दुसरा कॅचर जो मावर, त्याला ऑगस्ट २०१३ मध्ये फाउल टिप लागली आणि पुढच्या मोसमापासून तो पहिल्या बेसवर गेला. धूसर दिसण्याचा त्रास मात्र नंतरही राहिला, हे त्याने स्वतःच सांगितलंय. जागा बदलली की नवा मार टळतो, जुनं आपोआप बरं होत नाही.

पट्टी_आणि_पॅड

मास्कवर कुणी बोललं नाही म्हणून. आतलं पॅड अंगठ्याने दाबा, लगेच फुगून वर आलं नाही तर ते गेलं. तारेच्या जाळीची एखादी पट्टी आत आली असेल तर ठोकून किंवा वेल्डिंग करून सरळ करू नका, मास्क बदला. हनुवटीचा आधार इतका घट्ट नको की जबड्यातून सगळा धक्का वर जाईल. मी हॉकीवाल्या हेल्मेटपेक्षा जुन्या पद्धतीचा मास्क पसंत करतो. तो मार लागला की फिरून उडतो आणि थोडा जोर तिथेच जातो. यावर वाद आहे, माहीत आहे.

नजर_आणि_तोल

वाद राहू दे, पण मास्क चेहरा आणि कवटी वाचवतो. आतला मेंदू हलायचा तो हलतोच. महागडा मास्क घेतला म्हणून पायऱ्या कमी होत नाहीत.

आणखी एक. क्रिकेटपटू अंशुमन गायकवाडांना १९७६ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनला कानावर चेंडू बसला, हे वडोदऱ्यात सगळ्यांना पाठ आहे, आणि मैदानावर 'तसा उभा राहा' म्हणून पोरांना ऐकवलं जातं. ते बंद करा. तुमच्या कॅचरने आधीच दोन डाव खेळून काढलेत. लागल्यावर खेळत राहिलेल्यांना बरं व्हायला जास्त दिवस लागतात.

डगआउट_वडोदरा

धन्यवाद. पेनाची चाचणी घेतली, ११ सेंटीमीटरवरच दोन दिसतात. मास्कची डावी पट्टीही आत आलीये, टाकून देतो. परवानगी मिळाली तर प्लेटमागचा सराव कुठल्या क्रमाने?

नजर_आणि_तोल

११ म्हणजे बरंच लांब. डॉक्टरांना हा आकडा सांगा.

क्रम असा. आधी मास्कशिवाय नुसती बैठक, १० वेळा खाली-वर. पटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का बघा. मग मऊ चेंडू, हाताने खालून फेकलेला. मग दुसऱ्या बेसकडे थ्रो. ते अंतर ३८.८ मीटर, म्हणून अर्ध्यापासून सुरू. ब्लॉकिंग (जमिनीवर आपटलेला चेंडू अंगाने अडवणं) त्यानंतर, कारण गुडघ्यांवर आपटताना मान झटकते. पॉप-अप सगळ्यात शेवटी, तोही आधी न वळता, समोरच उडवलेला. बॅटरसह पिचिंग पाचव्या पायरीला. ताशी ९० मैलांचा चेंडू ०.४ सेकंदात पोचतो, फाउल टिपला तर तेवढाही वेळ नसतो. डोळे मागे पडत असतील तर पुढचा फटकाही तोच खाईल.

घरच्यांना तारखेऐवजी पायरी सांगा, 'तिसरी चालू आहे' एवढंच. निवड समितीला डॉक्टरांचं पत्र द्या आणि फक्त बॅटिंगची चाचणी मागू नका, त्यातही चेंडू अंगावर येतोच.