एसीतला गॅस दर दोन-तीन महिन्यांनी उतरतो. डॅशबोर्ड न खोलता गळती कशी शोधावी?

सडेकर, रत्नागिरी

माझ्या जुन्या हॅचबॅकच्या एसीतला गॅस वारंवार उतरतो. गॅरेजवाले दर वेळी व्हॅक्युम पंप लावतात आणि गेजचा काटा स्थिर राहिला की ‘लीकेज नाही, गॅस जुना झाला होता’ असे सांगून आर-१३४ए भरून देतात. बॉनेटखालच्या जोडांना साबणाचे पाणी लावले, पण बुडबुडा येत नाही. दुसऱ्या मेकॅनिकच्या मते डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल गेली आहे. खात्री झाल्याशिवाय डॅशबोर्ड खोलू देणे मला पटत नाही. काय करावे?

नटबोल्ट

गॅस जुना होत नाही आणि इंधनासारखा संपतही नाही. इतक्या लवकर उतरतो म्हणजे तो कुठून तरी बाहेर जातोच आहे. व्हॅक्युम टिकला हा गळती नसल्याचा पुरावा नव्हे. व्हॅक्युममध्ये दाबाचा फरक जेमतेम १५ पीएसआय (दाबाचे एकक) असतो आणि तोही बाहेरून आत, त्यामुळे जोडातली सैल ओ-रिंग (रबरी कडी) उलट घट्ट बसू शकते. याउलट गाडी बंद असतानाही ३० अंश तापमानाला या गॅसचा दाब शंभर पीएसआयच्या जवळपास असतो. म्हणून गॅस काढून घेऊन, रेग्युलेटर लावून, सुमारे दीडशे पीएसआय दाबाने कोरडा नायट्रोजन भरायला सांगा आणि गेज रात्रभर तसाच ठेवा; काटा उतरला तर गळती आहे. ऑक्सिजन मात्र कोणी सुचवला तरी नको, कारण कॉम्प्रेसर ऑइलशी त्याचा स्फोट होऊ शकतो.

कॉइलसाठी सोपी युक्ती आहे. सिस्टीममध्ये गॅस असताना गाडी बंद करून ती काही वेळ तशीच ठेवावी आणि मग पाणी निथळणाऱ्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी गॅस ओळखणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने कॉइलमधून गळणारा गॅस तळाशी साचतो आणि त्याच वाटेने उतरतो. डिटेक्टरच्या टोकात पाणी शिरू देऊ नये आणि ब्लोअर बंदच ठेवावा, नाहीतर गॅस विरून जातो.

पाना-पकड

कॉइलवर ठपका ठेवण्याआधी सर्व्हिस पोर्टची, म्हणजे गॅस भरण्याच्या तोंडांची, टोपणे काढून आतले सुईसारखे व्हॉल्व्ह तपासा. ही सुई गळत असेल तर काम फारच स्वस्तात भागते, आणि आश्चर्य म्हणजे तीच तपासायची राहते. शिवाय तुम्ही समुद्राकाठी राहता. खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या जाळीमागे असलेल्या, गॅस थंड करणाऱ्या भागाच्या) पत्र्या खालच्या बाजूने आधी झिजतात. तिथे तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच आहे, कारण गॅसबरोबर ऑइलही बाहेर येते.

सडेकर, रत्नागिरी

कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात काळपट, चिकट डाग आहे खरा. मी तो रस्त्यावरचा चिखल समजत होतो. डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाकून खात्री करावी का?

नटबोल्ट

करावी, पण आधी तो डाग पुसून कोरडा करा. डाय ऑइलसोबत फिरतो, म्हणून काही दिवस एसी चालवून मग अंधारात यूव्ही टॉर्चने पाहावे; तिथे हिरवट-पिवळी चमक दिसली तर कंडेन्सर बदला. त्या वेळी नव्या ओ-रिंगा टाका, ओलावा शोषणारा रिसीव्हर ड्रायरही बदला, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरील ग्रॅमप्रमाणे वजन करूनच भरून घ्या.