हेवीवेटमधे शेवटी जिंकतं काय, वजन की स्किल? (उसिक-फ्युरी परत बघून झालेला वाद)

मधली_सुट्टी

मंडळी, एक घरगुती वाद मिटवून द्या. आमच्याकडे बॉक्सिंग बघणारे दोनच, मी आणि माझा मेव्हणा, बाकीच्यांच्या मते तो खेळच नाही, मारामारी आहे. परवा बसून युक्रेनचा ओलेक्सांडर उसिक आणि ब्रिटनचा टायसन फ्युरी यांच्या हेवीवेटमधल्या (म्हणजे सगळ्यात जड गटातल्या) रियाधच्या दोन्ही फाइट परत पाहिल्या, मे २०२४ ची आणि डिसेंबर २०२४ ची. फ्युरी ६ फूट ९ इंच, उसिक ६ फूट ३. पहिल्या वेळी फ्युरी २६२ पौंड, उसिक २२३.५. दुसऱ्यांदा तर फ्युरी २८१ भरला (कपडे घालूनच काट्यावर चढला होता, तरी पण) आणि उसिक २२६. म्हणजे ५५ पौंड, २५ किलोचा फरक, तांदळाचा अख्खा कट्टा झाला की हो. आणि दोन्ही वेळा हरला कोण, फ्युरी.

मी म्हटलं बघ, स्किलपुढे साइज झक मारते. तर मेव्हणा म्हणतो, असं असतं तर वजनी गट कशाला काढले असते, आणि तुझा उसिक काय काडीपैलवान आहे का, १०० किलोच्या वरचा गडी आहे. त्याचं म्हणणं, ऐन भरातला लेनॉक्स लुईस किंवा व्लादिमिर क्लिट्च्को (दोघेही आधीच्या काळातले धिप्पाड चॅम्पियन) समोर असता तर उसिकची नाचानाच तिसऱ्या राउंडला बंद झाली असती.

आता माझं स्वतःचं दुखणं. मी आठ महिने झाले जिममधे बॉक्सिंग शिकतोय, वजन ६८. गेल्या आठवड्यात कोचने एका ९० किलोच्या नव्या पोराबरोबर स्पारिंग (सरावाची लढत) लावलं. त्याला साधा जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) धड टाकता येत नव्हता, मी तीन मारायचो तेव्हा तो एक हवेत मारायचा, आणि तरी दुसऱ्या राउंडच्या शेवटी माझे हात वर राहीनात कारण तो नुसता येऊन अंगावर पडत होता. हे मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डावखुरा

मेव्हणा अर्धा बरोबर आहे आणि तुम्हीही अर्धेच.

पहिली फाइट परत पाहिलीच आहे तर चौथा ते सातवा राउंड आठवा. फ्युरी मजेत होता, हात खाली, मधूनच अप्परकट (खालून वर मारलेला पंच), पोटात उजवा, मला तर लाइव्ह बघताना वाटलं संपलं उसिकचं. फ्युरी म्हणजे नुसता धिप्पाड माणूस नाही हे लोक विसरतात, त्या उंचीचा माणूस कमरेतून वाकून पंच चुकवतो हे दुसऱ्या कुणाला जमलेलं मी तरी पाहिलं नाही. म्हणजे तिथे एकीकडे स्किल आणि दुसरीकडे साइज असं नव्हतंच, एकीकडे स्किल आणि दुसरीकडे स्किल अधिक सतरा-अठरा किलो होतं. मग आठव्यात उसिकचा डावा नाकावर बसायला लागला आणि नवव्यात फ्युरी एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर आपटत गेला, रेफरीने काउंट दिला, म्हणजे खाली पडल्यातच धरलं आणि त्याचा एक जादा पॉइंट गेला. निकाल स्प्लिट, म्हणजे जजमधे फूट. एका जजचे ११५-११२ उसिकला, दुसऱ्याचे ११४-११३ उसिकला, तिसऱ्याचे ११४-११३ फ्युरीला. आता तो काउंट काढून टाका, दुसऱ्या जजचा कागद (स्कोअरकार्ड) ११४-११४ होतो आणि फाइट ड्रॉ. इतकं बारीक अंतर होतं. डिसेंबरच्या फाइटला मात्र तिन्ही जजनी ११६-११२ दिले, तिथे वादाला जागा नाही.

उसिक जिंकतो कसा ते बघायचं तर हात बघू नका, पाय बघा. तो साउथपॉ (डावखुरा, उजवा पाय पुढे) आणि समोरचा ऑर्थोडॉक्स (डावा पाय पुढे), त्यामुळे दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात. उसिक आपला उजवा पाय फ्युरीच्या डाव्या पायाच्या बाहेर नेऊन ठेवतो, मग त्याचा डावा सरळ मधून जातो आणि फ्युरीच्या उजव्याला तो समोर सापडत नाही. वर हा माणूस गप्प उभा राहत नाही, खोटा जॅब, खांदा उडव, अर्धं पाऊल आत, अर्धं बाहेर, सतत काहीतरी चालूच. दर खोट्या जॅबला समोरच्याला १२० किलो हलवावे लागतात. त्याची वसुली आठव्या-नवव्या राउंडला होते.

ब्रिटनच्याच अँथनी जोशुआचंही बघा, तोही हेवीवेट. लंडन २०१२ ला दोघांनीही गोल्ड घेतलं, उसिकने ९१ किलोच्या गटात, जोशुआने ९१ च्या वरच्या. २०२१ ला टॉटनहॅमच्या स्टेडियममधे जोशुआ मोठा असून त्याच्याशी लांबूनच बॉक्सिंग करत बसला आणि सरळ हरला. २०२२ ला जेद्दाहमधे जरा अंगावर गेला, पोटावर मारलं, तर निदान एक जज तरी त्याच्या बाजूला आला.

खडूस_म्हातारा

वरचं सगळं ठीक, पण आपण सगळे लहान्याने मोठ्याला पाडलं तेवढंच लक्षात ठेवतो. मोठ्याने लहान्याला पाडलं तर त्यात सांगण्यासारखं काय असतं, म्हणून ते कोणी सांगत नाही.

लहान्यांच्या बाजूने सगळ्यात गाजलेली म्हणजे डेम्पसी-विलार्ड. ४ जुलै १९१९, ओहायोतलं टोलेडो. विलार्ड साडेसहा फुटी, २४५ पौंड, डेम्पसी १८७. पहिल्याच राउंडमधे विलार्ड सात वेळा खाली, तिसऱ्यानंतर स्टुलावरून उठलाच नाही. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते, तेव्हा न्यूट्रल कॉर्नरचा नियम (समोरचा पडला की लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं) नव्हता, पडलेला माणूस उठतोय तोवर डेम्पसी त्याच्या डोक्याशीच उभा आणि गुडघा जमिनीवरून सुटला की परत हाणायला मोकळा. आज तसं करता येणार नाही. शिवाय विलार्ड काही फार शिकलेला बॉक्सर नव्हता. पुढे प्रिमो कार्नेराचंही तेच, केवढा तो देह, आणि १९३४ ला मॅक्स बेअरने त्याला चेंडूसारखा आपटला, १९३५ ला जो लुईसने सहाव्यात संपवला.

आता मोठा आणि शिकलेला घ्या. १९९२, रिडिक बो २३५, होलीफिल्ड २०५. होलीफिल्डसारखा काळजाचा माणूस नाही, पण बो या गड्याला जवळून लढता येत होतं, त्याने १२ राउंड कुटून काढला. पुढच्या वर्षी होलीफिल्ड जिंकला, तर तुमच्यातले स्किलवाले लगेच उड्या मारतील. पण त्या वेळी होलीफिल्ड २१७ भरून आला होता आणि बो सुटून २४६ ला गेला होता. म्हणजे लहान्यानेही वजनाची वाट धरली आणि मोठ्याने खाऊन खाऊन आपलं वजन वाया घालवलं. (त्याच फाइटमधे वरून एक पॅराशूटवाला येऊन रिंगच्या दोरीत अडकला आणि वीसेक मिनिटं सगळं बंद. असली फाइट परत होणे नाही.)

आणि बिली कॉन. हे नाव मेव्हण्याला सांगा. जून १९४१, न्यूयॉर्क, समोर जो लुईस. कॉन खरं तर लाइट हेवीवेटचा (हेवीवेटच्या खालचा गट), लुईसपेक्षा २५ पौंडांनी तरी हलका. बारा राउंड झाल्यावर दोन कागदांवर कॉन पुढे, तिसऱ्यावर बरोबरी. तेव्हा हेवीवेटच्या टायटलला १५ राउंड असायचे, म्हणजे नऊ मिनिटं फक्त पळत राहायचं होतं. आणि या बाबाला तेराव्यात वाटलं की आपण लुईसला नॉकआउट करू. गेला अंगावर. राउंड संपायला दोन सेकंद असताना तोच आउट.

स्किलवाल्याला पूर्ण वेळ हुशार राहावं लागतं. मोठ्याला एकदा सापडलं की पुरे.

भिडू

हेय-वॅल्यूएव्ह कोणी काढली नाही अजून? २००९, न्युरेम्बर्ग. वॅल्यूएव्ह सात फूट आणि ३१६ पौंड, डेव्हिड हेय २१७. जवळजवळ १०० पौंडाचा फरक, हेय मारायचा आणि पळायचा, मारायचा आणि पळायचा, १२ राउंड. जिंकला पॉइंटवर, शेवटच्या राउंडला त्या डोंगराला हलवलं पण. स्किल जिंकलं ते मान्य, पण मला झोप लागली होती हे पण नमूद करतो.

पैलवान_गडी

मी बॉक्सिंगवाला नाही. चार वर्षं तालमीत माती अंगाला लावली, त्यामुळे मला फक्त तुमच्या "अंगावर पडत होता" बद्दल बोलायचंय.

अंगावर पडणं हे बिनस्किलचं काम आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. आमचे वस्ताद जड जोडीदाराला पहिलं हेच शिकवायचे, मानेवर हात टाक, कोपर छातीला लाव आणि तुझं ओझं त्याला वाहू दे. डाव नंतर. पाच मिनिटं दुसऱ्याचं ओझं मानेवर वागवलं की हलका गडी कितीही पटाईत असू दे, त्याचा पट काढायला (पाय धरून पाडायला) वाकायचा दम संपतो. कुस्तीत ते उघड आहे, बॉक्सिंगमधे क्लिंचच्या (मिठी मारून धरण्याच्या) नावाखाली चालतं.

क्लिट्च्कोबद्दल मेव्हणा बोललाय ते यासाठी बरोबर वाटतं. व्लादिमिर काय जन्मतः अजिंक्य नव्हता, २००३ ला कॉरी सँडर्सने दुसऱ्या राउंडला लोळवला, २००४ ला ब्रूस्टरने पाचव्यात. मग इमॅन्युएल स्टुअर्ड या कोचने त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली, लांबून जॅब, जमलं तर उजवा, आणि समोरचा आत आला की मिठी मारून वरून लोंबकळायचं. त्यावर २००६ ते २०१५ टायटल सांभाळलं पठ्ठ्याने. २०१३ ची मॉस्कोतली पोव्हेतकिनबरोबरची बघा, मला तर ती कुस्तीच वाटली, फक्त माती नव्हती. आणि फ्युरीने २०२० ला वाइल्डरला सातव्यात टॉवेल टाकायला लावला तेव्हा त्याचा कोच कोण, शुगरहिल स्टुअर्ड, त्याच इमॅन्युएलचा भाचा. पहिल्या फाइटला २५६ असलेला फ्युरी मुद्दाम २७३ होऊन आला आणि वाइल्डरच्या मानेवर बसला. घराण्याची गायकी असते तसं आहे हे.

तर तुमचा ९० किलोवाला नवीन पोरगा अजाणता घराणेदार निघाला. :)

डावखुरा

@पैलवान_गडी +१, जमलंय. म्हणूनच मला उसिक-व्लादिमिरबद्दल खात्रीने बोलायला भीती वाटते. फ्युरी डिसेंबरला २८१ भरला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता हा लोंबकळणार, आणि उसिकने त्याला तसं धरूच दिलं नाही, प्रत्येक वेळी बाजूला सरकून गेला. व्लादिमिर फ्युरीपेक्षा चपळ होता.

वजनी गटांच्या मुद्द्यावर एक. हेवीवेट म्हणजे २०० पौंडाच्या वर, वरती मर्यादाच नाही. मार्सियानो ४९-० राहिला तो १८५ च्या आसपास असताना, आजच्या हिशोबाने तो क्रूझरवेट (२०० पौंडापर्यंतचा गट). डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने २०२० ला मधे २२४ पौंडापर्यंतचा ब्रिजरवेट गट काढला, आणि गंमत बघा, उसिक २२३.५ वर फ्युरीशी लढला, म्हणजे त्या दिवशी तो कागदावर ब्रिजरवेटमधे बसत होता. मला वाटतं एका ठराविक वजनाच्या पुढे हिशोब बदलतो. ६८ विरुद्ध ९० मधे ९० वाल्याचा पंच वेगळ्याच जातीचा असतो, तुमचा पंच त्याला फार तर चिडवतो. १०० विरुद्ध १२५ मधे तसं नाही, १०० किलोचा माणूस कोणालाही झोपवू शकतो, २०२५ च्या जुलैमधे वेम्बलीला उसिकने डॅनियल ड्युबॉला पाचव्यात झोपवला तसा. तिथून पुढचे २५ किलो मारायला कमी आणि वाहायलाच जास्त लागतात. म्हणून उसिक काडीपैलवान नाही हा मेव्हण्याचा मुद्दा एकदम बरोबर, आणि म्हणूनच तुम्ही उसिक नाही.

पण मोठा माणूस चपळही असला तर? टोकियो ऑलिंपिकला आपला सतीश कुमार सुपर हेवीवेटच्या क्वार्टरफायनलला चेहऱ्यावर टाके घेऊन उतरला होता आठवतंय? समोर उझबेकिस्तानचा जालोलोव, साडेसहा फुटांच्या वरचा साउथपॉ, पाय लाइटवेटसारखे. सतीशने हिंमत सोडली नाही पण पाचही जजनी जालोलोवला दिली. तिथे तुमच्या स्किलने काय करायचं सांगा. जालोलोवला टोकियोचं आणि पॅरिसचं, दोन्ही गोल्ड मिळालीत.

मधली_सुट्टी

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. धागा मेव्हण्याला दाखवला. त्याने फक्त खडूस आजोबांचा आणि सतीश कुमारवाला भाग वाचला आणि "बघ" म्हणाला. मी बिली कॉन शोधून पाहिली, ब्लॅक अँड व्हाइट, तेरावा राउंड तीनदा पाहिला, कसला जीव तळमळतो राव, नुसतं लांब राहिला असता तर.

असो. शुक्रवारी त्याच पोराबरोबर परत स्पारिंग आहे. तो अंगावर पडला की करायचं काय ते कोणीतरी सांगा, मी त्याला ढकलून काढत होतो.

डावखुरा

ढकलणं बंद करा, त्यातच तुमचे हात गेले. तो आत आला की डोकं त्याच्या छातीला लावा, तुमच्या पुढच्या पायावर वळा आणि त्याला जिथे पडायचंय तिथून तुम्ही निघून जा. निघताना पोटात एक. आणि मागे सरळ रेषेत जाऊ नका, दोरी लागते.

पैलवान_गडी

आमच्यात पण तेच, जोर अंगावर घ्यायचा नाही, वाट द्यायची. आणि शुक्रवारपर्यंत मानेचा व्यायाम करून काही होणार नाही, पण करा.

खडूस_म्हातारा

आणि दुसऱ्या राउंडला छान चाललंय असं वाटलं तर कॉन आठवा.