एकच नाकपुडी बंद असेल तर वाफेवर थांबू नका

ताई, काकांची एकच नाकपुडी सहा महिने बंद आहे आणि वाफ घेणं चालू आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून राहवलं नाही. ॲलर्जीमुळे नाकात वाढणारे मऊ कोंब (पॉलिप) बहुधा दोन्हीकडे येतात. एकाच बाजूला असेल तर दुर्बिणीने बघायलाच हवं.

माझे वडील दिंडोरीच्या द्राक्षबागेत जायचे, त्यामुळे फवारणीचा त्रास समजून आम्ही वर्ष घालवलं. रुमालावर रक्ताची बारीक रेघ दिसायची, तीही नाशिकच्या उन्हावर ढकलली. निघाला इनव्हर्टेड पॅपिलोमा, म्हणजे नाकाच्या आतल्या अस्तरातून वाढणारी गाठ. हा कर्करोग नव्हे, पण मूळ राहिलं की परत येतो आणि थोड्या रुग्णांत पुढे कर्करोगही होतो. म्हणून सीटी स्कॅन, गाठीचा तुकडा काढून तपासणी (बायॉप्सी) आणि दुर्बिणीतून मुळासकट ऑपरेशन. आजही तपासणीला नेतो. काकांना याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.