मदत हवी आहे: कोकम तेलाचं शॉवर बटर रवाळ होतंय, आणि स्क्रबला आंबूस वास

रातांबा:

नमस्कार मंडळी. आंघोळ संपता संपता ओल्या अंगावर चोळून धुवून टाकायचं शॉवर बटर आणि साखरेचा स्क्रब असं दोन्ही करून पाहिलं. दोन्ही बिघडलं. कृती जशी केली तशी देते, चूक कुठे ते सांगा.

बटर: कोकम तेल (कोकणातून आणलेले हाताने वळलेले गोळे) 50 ग्रॅम, शिया बटर 50 ग्रॅम, खोबरेल 60 ग्रॅम, मधमाश्यांचं मेण 15 ग्रॅम, व्हिटॅमिन ईच्या 4 कॅप्सूल. सगळं एकत्र वितळवून रात्रभर ओट्यावर निवू दिलं. सकाळी आत रव्यासारखे कण. अंगावर धुतलं तरी चिकट थर राहतो आणि लादी भयंकर निसरडी होते. गोळे वितळताना तडतडत होते, फेसही आला होता.

स्क्रब: साखर 1 वाटी, खोबरेल अर्धी वाटी, बेसन 2 चमचे, लिंबाचा रस 1 चमचा. डबा बाथरूममध्येच. दहाव्या दिवशी आंबूस वास आणि झाकणाखाली करडे ठिपके. साखर तळाला बसते ती वेगळीच.

घाणा_आणि_वात:

आधी तडतडीचं, कारण मूळ तिथे आहे. गावाकडचं कोकम तेल (आमच्याकडे मुठेल, गोव्यात भिंडेल) बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेली चरबी काढून करतात. गोळ्यात थोडं पाणी आणि बियांचा गाळ राहतोच. टाचांच्या भेगांना लावायला ते चालतं, पण डबाबंद मालात तेच पाणी बुरशीला आमंत्रण. म्हणून गोळे आधी वेगळे शुद्ध करून घ्या. मंद आचेवर वितळवा, बुडबुडे आणि तडतड पूर्ण थांबेपर्यंत ठेवा (धूर येऊ द्यायचा नाही), मग दुहेरी मलमलीतून गाळा. तळाचा गढूळ भाग ओतूच नका. खवट वास येत असेल तर गाळूनही जात नाही, तो गोळा बाजूला ठेवा.

कण पडले ते सावकाश निवण्याने. शियामध्ये लवकर गोठणारे आणि उशिरा गोठणारे मेदघटक एकत्र असतात. रात्रभर हळूहळू निवलं की लवकर गोठणारे आधी एकत्र येऊन स्फटिक धरतात, तेच बोटाला रवा म्हणून लागतात. शिया नुसता वितळेपर्यंत तापवला तर जुन्या स्फटिकांचे अंश उरतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा कण. म्हणून 70 ते 75 अंशांवर 15–20 मिनिटं ठेवा, नंतर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून सतत ढवळत झटपट निववा. बर्फाचं पाणी भांड्यात उडू देऊ नका. कोकम शियापेक्षा बरंच कडक असतं, साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ते भांड्याच्या कडेला आधी धरतं. कडा खरवडत राहा.

फेसाळ:

रातांबाताई, चिकट थराचं कारण मेण. मधमाश्यांचं मेण तेल घट्ट करतं, पण तेल-पाणी एकत्र धरत नाही. ते 62–64 अंशांना वितळतं, तुमच्या अंघोळीचं पाणी 40च्या आसपास. मग ते धुऊन जाणार कसं? हवंय ते इमल्सिफाइंग वॅक्स. घेताना घटक वाचा: सिटेरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेट 60 असेल ते घ्या. काही ठिकाणी याच नावाखाली सोडियम लॉरिल सल्फेटवालं मिळतं. ते कोरड्या त्वचेला नको.

100 ग्रॅम शॉवर बटरसाठी:
गाळलेलं कोकम तेल 25, शिया 20, तीळ किंवा गोड बदामाचं तेल 35, इमल्सिफाइंग वॅक्स 12, सिटिल अल्कोहोल (मिश्रण घट्ट करणारा मेणासारखा घटक) 6, प्रिझर्व्हेटिव्ह 1, व्हिटॅमिन ई अर्धा, सुगंधी तेल अर्धा.

चमचे-वाट्या विसरा, 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. 1 ग्रॅम प्रिझर्व्हेटिव्ह चमच्याने मोजणं म्हणजे अंदाजपंचे.

खोबरेल मुद्दाम काढलं आहे. ते 24 अंशांना वितळतं, म्हणजे पुण्यात जानेवारीत दगड आणि एप्रिलमध्ये पाणी. विदर्भातल्या मे महिन्यासाठी आणखी एक बदल करा, तेल 35चं 32 आणि सिटिल 6चं 9.

पहिले पाच घटक एकत्र 75 अंशांपर्यंत. मग बर्फाच्या पाण्यात. 50च्या खाली आलं की प्रिझर्व्हेटिव्ह, ई आणि सुगंध. कडेला घट्ट आणि मध्ये पातळ अशी अवस्था आली की हँड बीटरने 3–4 मिनिटं फेटा, दोन मिनिटं थांबून पुन्हा फेटा. श्रीखंडासारखं दिसलं की डब्यात भरा. फार फेटू नका, उन्हाळ्यात हवा निघून जाते आणि डबा अर्धा दिसतो.

रातांबा:

प्रिझर्व्हेटिव्ह टाळता येणार नाही का? व्हिटॅमिन ई आहे की. आणि मुरांबा साखरेमुळेच टिकतो, मग साखरेचा स्क्रब का नासतो?

घाणा_आणि_वात:

ई फक्त तेल खवट होणं लांबवतं. बुरशी-जंतूंशी त्याचा संबंध नाही.

मुरांब्याचा प्रश्न चांगला आहे. मुरांब्यात साखर विरघळून पाक इतका दाट होतो की जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. पण त्यातही ओला चमचा गेला की काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. स्क्रबमध्ये साखर विरघळलेलीच नसते. ओल्या बोटांचे चार थेंब पडले की तेवढ्या जागी पातळ पाक तयार होतो. वर तुम्ही बेसन आणि लिंबाचा रस घातलात, म्हणजे खाऊ आणि पाणी दोन्ही. उटणं वर्षभर टिकतं ते कोरडं असतं म्हणून. भिजवलेलं उटणं उद्यासाठी कोणी ठेवत नाही.

फेनॉक्सीइथेनॉल आणि कॅप्रिलिल ग्लायकॉल यांचं तयार मिश्रण मिळतं, ते या कामाला बरं. नुसतं फेनॉक्सीइथेनॉल तेलात नीट मिसळत नाही. कमाल प्रमाण 1 टक्का, जास्त घातलं म्हणून जास्त टिकत नाही, त्वचा मात्र चुरचुरते.

दगडी_पाटा:

प्रिझर्व्हेटिव्ह नकोच असेल तर एक मार्ग आहे, पण शिस्त लागते. डबा बाथरूमबाहेर. आंघोळीआधी कोरड्या चमच्याने 20–25 ग्रॅम वाटीत काढायचं, उरलेलं परत डब्यात टाकायचं नाही. घरात मुलं असतील तर हे चालणार नाही, सरळ प्रिझर्व्हेटिव्ह घाला.

स्क्रबसाठी वरचंच मिश्रण मऊ करा: कोकम 10, शिया 15, तेल 56, वॅक्स 12, सिटिल 5, बाकी तेच. फेटून झालं आणि गार झालं की 100 ग्रॅमला 130 ग्रॅम साखर, कालथ्याने. गरम, पातळ मिश्रणात घातली की तळाला बसते, तुमचं तेच झालं. साखर मिक्सरमध्ये 2 सेकंद एकदाच फिरवून चाळा. पिठीसाखर नको, अंगावर पडताच विरघळते. अक्रोडाच्या सालाची पूड धारदार असते, तिने ओरखडे येतात. मीठ चालतं, पण दाढी किंवा वॅक्सिंगच्या दिवशी नाही.

लिंबाचा रस गेला, तसं लिंबाचं थंड दाबलेलं तेलही टाळा. अंगावर राहून ऊन लागलं तर डाग पडू शकतात. दालचिनीचं तेलही नको, भाजल्यासारखं होतं.

रातांबा:

समजलं. मग आत्ताचे दोन्ही डबे फेकायचे का?

फेसाळ:

स्क्रब फेका, ठिपके वरवर काढून वापरू नका. सिंकमध्ये ओतू नका, खोबरेल पाइपात गोठतं. कागदात गुंडाळून कचऱ्यात.

बटर वाचेल, वास खवट नसेल तर. 175 ग्रॅम आहे ना? वितळवा, तडतड थांबेपर्यंत ठेवा, गाळा. मेण त्यातून निघणार नाही, त्यामुळे शॉवरसाठी ते होणार नाही. 75 अंशांवर 20 मिनिटं ठेवून बर्फावर निववा आणि टाचा-कोपरांना लावायला छोट्या डबीत भरा. शॉवर बटर नव्याने करा, आणि पहिली खेप 100 ग्रॅमचीच.