जुन्या लँड रोव्हरच्या इंजिनाची ताकद कमी खर्चात वाढवता येईल का?

प्रश्न :
माझ्याकडे लँड रोव्हर सिरीज ३ आहे. आखूड व्हीलबेस आणि २.२५ लिटरचे (२२८६ सीसी) पेट्रोल इंजिन. सपाट रस्त्यावर तक्रार नाही, परंतु चढावर ती लवकर दमते आणि तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यावर यावेच लागते. इंजिन बदलण्याइतका पैसा नाही आणि तशी इच्छाही नाही. मोठा कार्ब्युरेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मोकळा सायलेन्सर आणि 'स्पोर्ट्स' एअर फिल्टर असे चार सल्ले मला मिळाले आहेत. यांपैकी कशाने खरोखर फरक पडतो आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ :
सुरुवात खरेदीने न करता मोजमापाने करावी. हे इंजिन नवे असतानाही ७० अश्वशक्तीच्या आसपासच होते, त्यामुळे त्यातले दहा-पंधरा अश्व हरवले की चढावर ते लगेच जाणवते. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. सिलिंडरांमधील फरक दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर कमी आकडा दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा; आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहावे.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर एकाला आत बसवून ॲक्सलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि कार्ब्युरेटरची थ्रॉटल झडप पूर्ण उघडते का, ते स्वतः पाहा. जुन्या गाड्यांमध्ये लिंकेजचे सांधे झिजून पेडल तळाला टेकले तरी झडप अर्धवटच उघडते, आणि त्यावरचा इलाज फुकट आहे. त्यानंतर पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधील प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांची) फट ०.३५ ते ०.४० मि.मी. आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट ०.२५ मि.मी. ठेवा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम नळीतून तोंडाने हवा ओढली असता आतली प्लेट सरकली नाही, तर पडदा फाटला आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनने स्वतंत्र ताकद वाढत नाही. नीट लावलेले टायमिंग (ठिणगीची वेळ) ढळत नाही, एवढाच तिचा लाभ, आणि डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट डुगडुगत असेल तर तोच लाभ मोठा ठरतो.

उत्तर २ :
कार्ब्युरेटरबद्दल लिहितो. गाडीवर मूळचा झेनिथ ३६ आयव्ही असेल, तर त्याचा एक ठरलेला दोष आहे. वरचे झाकण आणि इमल्शन ब्लॉक (इंधनात हवा मिसळणारा भाग) यांचे जुळणारे पृष्ठभाग कालांतराने वाकतात, त्यांच्यामधील छोटी ओ-रिंग निकामी होते, इंधन नको तेथून झिरपते आणि इंजिन अडखळते. जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून ते पृष्ठभाग गोल फिरवत सपाट करा, नवी ओ-रिंग आणि गॅस्केट घाला. बहुतेकदा तेवढ्यावर भागते. त्याऐवजी बसणारा वेबर ३४ आयसीएच इंधन वाचवतो, पण वरच्या आरपीएमला तो मूळच्याहून थोडा कमीच पडतो. दोन बॅरलचा मोठा कार्ब्युरेटर लावला तरी या हेडचे (सिलिंडरांवरील वरच्या भागाचे) पोर्ट, म्हणजे हवेचे मार्ग, अरुंद असल्याने खर्चाच्या मानाने हाती फारसे लागत नाही. मूळ ऑइल-बाथ (तेलात धूळ अडकवणारा) फिल्टर उत्तम आहे, फक्त साफ ठेवावा. धुळीच्या वाटेवर 'स्पोर्ट्स' फिल्टर मला पटत नाही. सायलेन्सरचेही तेच : गळका किंवा चोंदलेला असेल तर बदला, अन्यथा आवाज तेवढा वाढेल.

खरी वाढ हवी असेल तर हेडकडे वळावे. हे इंजिन ७:१ आणि ८:१ अशा दोन कॉम्प्रेशन रेशोंमध्ये (मिश्रण किती पट दाबले जाते त्या प्रमाणांत) मिळत असे. आपले ७:१ असेल, तर ८:१ चे जुने हेड मिळवून बसवल्याने चार-पाच टक्के वाढ अपेक्षित धरता येते. आकडा लहान वाटतो, परंतु ती वाढ खालच्या आरपीएमलाही मिळते, आणि चढावर तीच कामाची. हेड उतरलेच आहे तर व्हॉल्व्ह घासून बसवावेत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट शिसेविरहित पेट्रोलला टिकणाऱ्या कठीण धातूच्या करून घ्याव्यात. नंतर चढावर इंजिन खडखडू लागले तर टायमिंग किंचित मागे घ्या.

प्रश्नकर्ता :
थ्रॉटल खरोखरच पूर्ण उघडत नव्हती. लिंकेज दुरुस्त केल्यावर फरक स्पष्ट आहे. आणखी एक शंका : टायर मूळ ६.००-१६ ऐवजी ७.५०-१६ आहेत. त्याचा संबंध असेल का?

उत्तर ३ :
निश्चितच आहे. त्या टायरचा व्यास सुमारे दहा टक्क्यांनी मोठा असल्याने चाकाशी मिळणारी ओढ जवळपास तेवढीच घटते. म्हणजे उत्तर २ मधील हेडचा सगळा लाभ टायरच खाऊन टाकतील. झिजल्यावर मूळ मापाचे टायर घ्या. याच कारणासाठी ४.७ चे डिफरन्शिअल (चाकांना फिरवणारा शेवटचा गिअर; आकडा त्याचे प्रमाण) काढून रेंज रोव्हरचे ३.५४ बसवण्याच्या सल्ल्यापासून आपण दूर राहावे. त्याने हमरस्त्यावर इंजिन शांत चालते, परंतु ओढ पाव हिश्शाने जाते. चाके उचलून हाताने फिरवूनही पाहा, कारण ड्रम ब्रेक धरून राहिले असतील तर इंजिन उगाचच बदनाम होते.

इंजिन न बदलण्याचा आपला निर्णय योग्य वाटतो. लँड रोव्हरच्याच २००टीडीआयसारखे टर्बो डिझेल या गाडीत बसवले जाते, पण त्यासोबत कूलिंग, माउंटिंग आणि एक्झॉस्ट यांचे काम निघते, आणि ती ताकद पेलताना गिअरबॉक्स आणि मागचे हाफ-शाफ्ट (चाके फिरवणारे दांडे) आधी माना टाकतात.